रक्ताचा नमुना आणि दिलेला शब्द

माझ्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी आंबागडच्या एका कुटुंबाला फसवलं. सौदा मी जुळवून दिला होता.

माझा बाप तुमसरच्या धान्यबाजारात हमाल. तिथं व्यापारी पोत्यात लोखंडी परखी खुपसतो, मूठभर धान काढतो, दाणा दाताखाली फोडतो आणि भाव बोलतो. बाप म्हणायचा, पोत्याला भोक पाडलं की भाव बोलावाच लागतो. न बोलता निघाला तर त्याची कॉलर धरायची. त्यानं दोनदा धरली होती. कागद कोणी मागत नसे. शब्द दिला की झालं.

एवढ्या शिदोरीवर मी प्रयोगशाळेत पोचलो. माझा विषय भूक. अंगातल्या चरबीतून एक संप्रेरक निघतं आणि मेंदूला सांगतं, पुरे. मेंदूत ते ऐकणारा ग्राही असतो. तोच बिघडला तर माणूस खात सुटतो. हे समजून घ्यायला मी अकरा वर्षं लठ्ठ उंदरांच्या माना छाटल्या. पात्याखाली मान, एक दाब, गरम मेंदू बर्फावर. 

मग लहानपणापासून लठ्ठ असलेल्या मुलांच्या शोधात आंबागड या खेड्यात गेलो. नऊ वर्षांची मुलगी, आईपेक्षा जड, अंगणातल्या खांबाला बांधलेली. तिनं उकळत्या भातात हात घातला होता. कोपरापर्यंत कातडी सोललेली, आणि तिचा बाप त्याच हातावर बैल हाकायच्या काठीनं, तुतारीनं, मारत होता.

"हिच्या पोटात गोसीखुर्दचं धरण बांधलं का कोणी? कितीबी ओता, भरतच नाही!"

मी तुतारी हिसकून गुडघ्यावर मोडली. "काहून मारून राह्यला? बिमारी आहे तिले!"

"मंग ने तुह्या घरी. आठ दिवस पोस, मंग सांग मले."

मी तिथूनच प्राध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, "रक्त आणा. ग्राही बिघडलेला निघाला तर औषध मिळवून देऊ. सांगा त्यांना."

मी सांगितलं. संमतीपत्रात लिहिलं होतं की सहभागामुळे फायदा होईलच असं नाही. मी ते वाचून दाखवलं आणि वर म्हणालो, "हे सोडा, साहेबांनी शब्द दिला आहे." बाजाराची सवय. आईनं सही केली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"सुई टोचता ना भाऊ? मंग मांगं सरू नका."

ग्राही बिघडलेलाच निघाला. प्राध्यापकांचा निबंध छापून आला, हारतुरे झाले. त्या ग्राहीला वळसा घालून भूक आवरणारं औषध परदेशात आहे. ते मागवायला त्यांच्या सहीचं पत्र लागतं. मी पत्र लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं. चार महिने ते तिथंच पडून राहिलं.

शेवटी मी त्यांच्या खोलीत शिरलो.

"संशोधन म्हणजे उपचार नव्हे," ते म्हणाले. "कागदावर कुठे आहे माझा शब्द?"

मी कॉलर धरली. बटणं तुटली, चष्मा पडला, तो मी टाचेखाली चिरडला. पहारेकऱ्यांनी मला जिन्यावरून ओढत नेलं. एक दात तिथंच राहिला, नोकरीही. पस्तावा त्याचा नाही. संमतीपत्रावर औषधाची एक ओळ त्यांच्या हातानं लिहून घेतली नाही, त्याचा आहे.

परवा पुन्हा आंबागडला गेलो. स्वयंपाकघराला कुलूप होतं. मुलगी कोठीतलं धान तुसासकट चावत होती, ओठांतून रक्त येत होतं. तुतारी नवी होती. आई मला एक शब्द वाईट बोलली नाही.

"भाऊ, तुमचे साहेब कवा येतेत?"

मला तुमची माफी नको, सर. पत्रावर सही करा, नाहीतर आंबागडला या. त्या खांबासमोर उभे राहा आणि रक्त नेल्यावर औषध काहून आणलं नाही, ते तिच्या आईला तुमच्या तोंडानं सांगा.