अक्काच्या रक्तातली खोबण

अक्का, माझी थोरली बहीण, जाऊन महिना होत आला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शेवटच्या संध्याकाळी बारामतीच्या दवाखान्यात ती श्वासाच्या यंत्रावर होती. नर्स समजुतीने म्हणाली, "आता त्यांना काही कळत नाही, काका." माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण अक्काबद्दल हेच मला पूर्वीही सांगितलं होतं, आणि तेव्हा तिला सगळं कळत होतं...

तेव्हा तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. भूल देताना स्नायू सैल करणारं इंजेक्शन दिलं. त्याचा अंमल काही मिनिटांत उतरतो, अक्काचा उतरेना. भूल ओसरली तरी श्वास यंत्रावर, पापणीसुद्धा हलेना. डॉक्टर उशाशी उभे राहून बोलत होते आणि ही बया आतून सगळं ऐकत होती! "वरडत हुते रं मी," नंतर म्हणाली, "पर आवाजच फुटंना."

तिच्या रक्तातलं एक एन्झाइम फारच कमी निघालं. द्राक्षबागांच्या मुलखातले डॉक्टर, त्यांनी पहिलं हेच विचारलं, "फवारणी केली होती का?" त्या विषानेही ते एन्झाइम कमी होतं. पण अक्का कॉलेजात जीवरसायन शिकवणारी, फवारणीचा पंप तिने जन्मात उचलला नव्हता. दोष जन्मजात निघाला. बरी झाल्यावर सांगवीला माझ्या द्राक्षबागेत बसून तिने मला समजावलं.

"अशी दोन एन्झाइमं असत्यात, सख्ख्या भणी समज. एक नसांपाशी ऱ्हाती, एक रक्तात. दोघींच्या अंगात खोल खोबण. औषध तितं शिरलं की त्याचं तुकडं हुत्यात. पहिलीची खोबण अरुंद, त्यात हे औषध नीट बसत न्हाय. रक्तातलीची ऐसपैस, म्हणून ते तिचं काम. एन्झाइम म्हंजी मण्यांची माळच, माज्यात खोबणीच्या तोंडाशी एक मणी बदललाय. औषध आत वढलंच जात न्हाय."

"एका मण्यापायी एवढं?"

"व्हय. आन् आपण एकाच आईबापाचं हाय, ध्यानात ठेव."

ठेवलंय ना! आता माझं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय आणि माझंही ते एन्झाइम कमी आलंय. मी तर हयातभर फवारणी केलेला माणूस. हे फवारणीचं की जन्माचं, ते कळायला रक्ताचा नमुना पुण्याला गेलाय. भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "ते इंजेक्शन तुम्हाला देणारच नाही." डोक्याला पटतं, पण भीती काही जात नाही. मरणाचं एक वेळ सोडा, पण आपण आत जागे आणि बाहेर कुणाला पत्ताच नाही... या विचाराने मला घाम फुटतो.

तिच्या त्या ऑपरेशननंतर नात्यात कुणीही बेशुद्ध असलं की अक्का उशाशी बसून घरच्या गप्पा मारायची. लोक हसायचे, तिला फरक पडायचा नाही. शेवटच्या संध्याकाळी मीही नर्सचं न ऐकता तिच्या कानाशी बसलो. बागेतली घडांची विरळणी, मजुरांची भांडणं, जे सुचेल ते बोललो. तिची पापणी हलली नाही.

काल बायकोला सांगून ठेवलं, "मी हललो न्हाय, तरी बोलत ऱ्हा."

ती घाबरून म्हणाली, "पर तुमाला ऐकू येतंय का न्हाय, मला कसं कळायचं?"

"न्हाय कळायचं," मी म्हणालो. "तरी बोल."