निम्मी गोळी आणि बॉयलरबाबा

डॉक्टरीणबाईंनी ब्लडप्रेशरची गोळी निम्मी केली आणि बॉयलरबाबांच्या घरातली शांतता पार गेली. उठताना चक्कर येते म्हणून डोस कमी केला, एवढीच काय ती गोष्ट. "थोडे दिवस वरखाली होईल. सकाळ-संध्याकाळ शांत बसून मोजा. मनाने गोळी कमी-जास्त करू नका, काही वाटलं तर मला फोन करा," असं बाईंनी बजावलं होतं. पण ऐकतील ते बाबा कसले!

अहो, या माणसाची उभी हयात गेली कपडे धुण्याच्या कारखान्यात, बॉयलरपाशी. दाबाचा काटा चढला की वाफ सोडायची, पडला की भट्टीत कोळसा सारायचा. जेवतानासुद्धा एक डोळा काट्यावर. ती भट्टीची ऊब, शेजारून येणारा ओल्या चादरींचा साबणी वास, पाळी सुटल्यावर फिटरबरोबर गोणपाटावर बसून प्यायलेला चहा, यातलं काही निघालं की बाबा हळवे व्हायचे. "काय दिवस होते!" म्हणायचे. होतेच हो, खोटं कशाला बोला.

आता काटा नव्हता, पण प्रेशर मोजायचं मशीन होतं. आकडा चढला की बाबा उरलेली अर्धी गोळी गुपचूप तोंडात टाकायचे. उतरला की मीठ-पाणी! मशीन दिवसभर आपलं घुर्र घुर्र. "हात आहे का हापसा?" बायको करवादायची. बाबा ऐकू न आल्यासारखं करायचे.

त्यातच फिटर बातमी घेऊन आला. शनिवारी बॉयलर भंगारात जाणार, जुनी मंडळी निरोपाला जमणार. बाबांचा जीव कासावीस झाला. बायकोने मात्र अट घातली, "प्रेशर ठिकाणावर असेल तरच पाठवीन. नाहीतर दारात आडवी पडेन."

शनिवारी सकाळी बाबांनी ठरलेली गोळी घेतली आणि मशीन लावलं. आनंदाच्या भरात छाती धडधडत होती, आकडा चढणारच. बायको बघेल म्हणून घाईघाईत आणखी एक तुकडा घेतला. लगेच परत मोजलं, तर आणखी वर! मग अजून एक. मग कामावरचा खाकी कोट चढवला, खाली बसून बुटाच्या नाड्या बांधल्या, आणि ऐटीत उभे राहिले. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कपाळ चौकटीवर आपटलं.

बायकोने हंबरडा फोडला नाही. पाय उशीवर ठेवून तिने बाबांना आडवं केलं आणि आधी फोन लावला. डॉक्टरीणबाई आल्या, तपासलं, थोडक्यात निभावलं म्हणाल्या. आज अंथरुणातून हलायचं नाही, बाबांपाशी कुणीतरी बसून राहायचं आणि गोळ्या यांच्या हाती द्यायच्या नाहीत, अशी तंबी देऊन गेल्या. मग मात्र बायकोचा बांध फुटला. "बॉयलरने कधी स्वतःचा व्हॉल्व्ह स्वतः फिरवला होता का? तिथे तुम्ही होतात ना? मग इथे मी कशाला आहे? तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "शेवटचं बघायचं होतं गं."

बायकोने गोळ्या आणि मशीन कपाटात कुलूपबंद केलं, लेकीला बोलावून बाबांपाशी बसवलं, चपला सरकवल्या आणि निघाली. इतक्या वर्षांत ती डबा द्यायला फाटकापर्यंतच गेली होती. आत पाऊल टाकलं नव्हतं.

दुपारी परतली ती काळ्या झालेल्या तळहातांनी. बाबांच्या उशाशी बसली.

"क्रेनने उचलला. फिटर तर लहान पोरासारखा रडला. मी हात लावून आले, तुमच्या वतीने." मग म्हणाली, "अहो, केवढं ते धूड! बाजूच्या माणसाचं बोलणंही ऐकू येणार नाही एवढा आवाज असायचा म्हणे. आणि मी आपली समजत होते, तुम्ही उबेला बसून डुलक्या काढता. उशीर झाला की तोंड फिरवून बसायची. दमलात का, म्हणून एकदाही विचारलं नाही."

"मग आता विचार की," बाबा म्हणाले.

"दमलात का हो?"

बाबांनी तिचा तो काळा हात धरला. "हो गं," म्हणाले, "फार दमलो."