काळ्या इंजिनातला डिकोडर

नीळकंठभाऊंची ओळख सांगायची तर टेलिफोन ऑफिसात तारा जोडणारे, रामरक्षा म्हटल्याशिवाय रात्री न जेवणारे, आणि गुणाकरचे दोस्त. या तिसऱ्या ओळखीचा त्यांना सगळ्यात अभिमान होता. गुणाकर जंगल खात्यात बाबू, शिवाय बालाघाटच्या मराठी मंडळाच्या गणपतीचा अध्यक्ष. त्याची बायको प्रेमलता नीळकंठभाऊंना राखी बांधायची. त्यांना सख्खी बहीण नव्हती.

सत्त्याऐंशी साली गुणाकरनं ठरवलं, यंदा गणपतीपुढच्या झांकीत, म्हणजे देखाव्यात, आगगाडी पळवायची. प्रेमलताच्या भावानं आदल्या वर्षी जर्मनीहून दोन वीतभर इंजिनं आणली होती, एक काळं, एक लाल. एकाच रुळावर दोघं आपापल्या चालीनं धावायची.

"इंजिनांचा डबा म्या उघडला बी नाही," गुणाकर म्हणाला. "जसा आला तसा तुले देऊन राह्यलो. तूच बसव."

नीळकंठभाऊंनी वैनगंगेच्या पुलासकट रूळ मांडले. लाल इंजिन सुरेख पळालं. काळं मात्र अडखळायचं, आणि हुकूम लालला दिला की हेच दचकायचं. प्रत्येक इंजिनाच्या पोटात बोटाच्या पेराएवढी हिरवी पट्टी होती, तिला डिकोडर म्हणतात. रुळातून येणाऱ्या हुकमांतला आपला तेवढा ओळखायचा आणि इंजिनाला सांगायचा, एवढंच तिचं काम. भाऊंनी रूळ पुसले, चाकं घासली. फरक नाही. मग दोन्ही इंजिनांच्या पट्ट्यांची अदलाबदल केली, तर आता लाल अडखळू लागलं. म्हणजे खोड इंजिनात नव्हती, पट्टीतच होती. आणि गंमत अशी की ऊन पडलं की ती पट्टी शहाण्यासारखी वागे. झड लागली की पुन्हा तेच.

इकडे मंडळाच्या बैठकीत गुणाकर सगळ्यांदेखत म्हणाला, "नवीकोरी वस्तू होती. नीळकंठच्या हाती गेली अन् बिघडली."

शालिकराम मंडपवाला खो खो हसला. "काय भाऊ, जर्मनीचीच लाईन कापली का?"

भाऊही हसले. घरी येऊन मात्र ताटावर नुसते बसून राहिले.

"तुमी काहून ऐकून घेतलं?" त्यांची बायको सुनीती म्हणाली.

"घाबरला असंन तो. दोस्त आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी भिंगाखाली धरली. दोन बारीक पायांमध्ये लालसर पिवळी खपली होती, आणि तिच्यात अक्षतेचा एक तुकडा.

आपल्याकडे नवीन यंत्र घरात आलं की हळदकुंकू वाहायचं, फुलानं पाणी शिंपडायचं, मगच चालू करायचं. भाऊंनी स्वतःच्या सायकलचीही पूजा केली होती. पण या इंजिनाची अजून केलीच नव्हती. देव बसले की करू, असं ते सुनीतीला म्हणाले होते. मग हे कुंकू कोणाचं? टपावरच्या फटीतून पाणी आत गेलं असणार, आणि इंजिन ओलं असतानाच कोणीतरी वीज लावली असणार. ती खपली पावसाळी हवेत ओल धरायची आणि हुकूम एकमेकांत मिसळायचे. भाऊंनी स्पिरिटनं पट्टी धुतली आणि आपल्या जागी बसवली. बाहेर पाऊस कोसळत असताना काळं इंजिन पूल ओलांडून गेलं.

ते तडक गुणाकरकडे गेले. "डबा उघडला नव्हता म्हणतोस?"

गुणाकरनं आधी दार लोटून घेतलं. "मागच्या दसऱ्याले चालवून पाह्यलं होतं. प्रेमलतानं पूजा केली, लगेच अडलं. साळ्याले काय तोंड दाखवू? तुह्या नावावर खपलं तर तुले काय फरक पडते? तू का अध्यक्ष आहेस?"

"आरतीले खरं सांग. बस, एवढंच."

"हौ, सांगतो ना बाबा."

संध्याकाळी दोन्ही इंजिनं पळाली, टाळ्या पडल्या. गुणाकरनं माइक घेतला. "इंजन बिगड़ गया था, नागपुर से कारीगर बुलाकर ठीक करवाया। गणपति बाप्पा..."

"मोरया!" सगळा मंडप ओरडला.

भाऊंनी प्रेमलताकडे पाहिलं. पूजा तिच्याच हातची, तिला सगळं ठाऊक. दोन शब्द ती बोलली असती तर गुणाकरचं खोटं त्यांनी गिळलंही असतं. तिनं ताटातलं निरांजन सारखं केलं. मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ती प्रसादाची वाटी घेऊन दारात आली. "नीळकंठभाऊ, मले..." म्हणाली आणि वाटी पुढे केली.

प्रसाद देवाचा, म्हणून त्यांनी हात पुढे केला, कपाळाला लावून तोंडात टाकला. ती उंबऱ्यापाशी उभी होती. ये, बैस, असं मात्र ते म्हणाले नाहीत.