तळव्यांची नजर

उजाडायच्या सुमाराला क्लबच्या पोहायच्या तलावावर वाफेचा पातळ थर तरंगत असायचा. पाणी कुठे संपतं न् फरशी कुठे सुरू होते, हे त्या वेळी धडधाकट डोळ्यांच्या माणसालाही चटकन कळलं नसतं. मावशीला ते दिवसभर कळत नसे. गेली दोन वर्षं तिच्यासाठी सगळं जगच त्या पहाटेसारखं झालं होतं. माणसं धुक्यातून यायची, हाक मारायची आणि धुक्यात विरून जायची.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ही गोष्ट फक्त आपल्याला आणि लेकीला ठाऊक आहे, असं तिला वाटे. क्लबात कुणाला कळली असती तर संपलंच. साहेब, म्हणजे क्लबचे व्यवस्थापक, जोरात पाणी मारणाऱ्या मशीनची चित्रं हल्ली टेबलावर पसरून बसतात, असं तिच्या कानावर आलं होतं. मावशीच्या हातात तलावाभोवतीची फरशी बावीस वर्षं होती. ते काम गेलं की मागे काय उरतं, याचा विचारसुद्धा ती करायला धजत नव्हती.

फरशी म्हणजे खडबडीत पिवळा दगड. मऊ, पाणी पिणारा, आणि स्वभावानं हट्टी. त्याच्यावर अ‍ॅसिड ओतलं तर डाग जातो आणि दगडही जातो. तारेच्या ब्रशनं घासलं की त्याला ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत बुरशी सुखानं संसार थाटते. मावशीची पद्धत ठरलेली होती. आधी कोरडं झाडायचं, मग साध्या पाण्यानं दगडाची तहान भागवायची, म्हणजे तो औषध आतवर ओढत नाही. मग सोड्याचं पाणी टाकून थोडा वेळ गप्प बसायचं. "बसणं हेही कामच आहे," ती म्हणायची. "अर्धं तर सोडाच करतो. घाई करणाऱ्याचे हात दुखतात आणि डाग हसतो." मग नरम ब्रशनं गोल गोल घासायचं, आणि धुताना सगळी घाण तलावाकडे नाही, बाहेरच्या गटाराकडे लोटायची. खुर्च्यांच्या पायांचा गंज पडला तर तेवढ्याच जागी लिंबूसत्त्वाचा सौम्य लेप, तोही लगेच धुवायचा.

नजर मंद होत गेली तशी तिनं चपला काढून ठेवल्या. अनवाणी पाय सगळं सांगायचे. शेवाळ लागलं की टाच किंचित सरकायची. बुरशी ओली असली की अंगठ्याखाली साय धरल्यासारखं वाटायचं. तलावाची गोल कड तळव्याला लागली की थांबायचं. पाय सांगतील तिथे बसायचं आणि घासायचं. त्या धुक्यात तिला कधीकधी वाटे, आपण फरशीवर नाही, पाण्यावरच चालतोय, आणि पाणी आपल्याला बुडवायचं विसरलंय. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. लेकीजवळ मात्र ती हे कधी बोलली नाही, नाहीतर पोरीनं डोकंच फोडून घेतलं असतं.

"आई, वीस मिनिटांचं ऑपरेशन आहे गं!" लेक म्हणायची.

"वीस मिनिटांचं ऑपरेशन आणि महिनाभर वाकायचं नाही. मी वाकले नाही तर खाऊ काय?"

यावर लेक भांडी जरा जास्तच आपटायची, एवढंच.

मग एका सकाळी ते घडलं. उडी मारायच्या फळीजवळ मावशीला एक काळा डाग दिसला. चांगला हातभर लांब, गडद. पायानं चाचपलं तर दगड कोरडा, खरखरीत, स्वच्छ. पाय म्हणत होते, इथे काही नाही. पण कितीतरी महिन्यांनी डोळ्यांना काहीतरी स्पष्ट दिसलं होतं, त्या आनंदात तिनं पायांचं ऐकलं नाही. सोडा टाकला, बसली, घासलं. डाग हलेना. पुन्हा सोडा, पुन्हा घासणं. लिंबूसत्त्वही झालं. घामानं पाठ भिजली. बावीस वर्षांत एवढा निगरगट्ट डाग तिला भेटला नव्हता.

"मावशी," मागून आवाज आला. पोहायला शिकवणारे मास्तर. सत्तरीचे, पण तेही तिला मावशीच म्हणत. "जरा दम घ्या. थोड्या वेळानं आपोआप जाईल तो."

"आपोआप जायला तो पाहुणा आहे का?"

मास्तर तिच्याशेजारी उकिडवे बसून राहिले. ऊन वर चढलं, आणि डाग तिच्या ब्रशखालून हळूच निघून शेजारच्या फरशीवर गेला.

फळीची सावली होती ती.

मावशीच्या हातातला ब्रश गळून पडला. आता मास्तर साहेबांना सांगणार, असं तिला वाटलं. "कुणाला बोलू नका," ती कशीबशी म्हणाली. "काय बोलायचंय?" मास्तर उठत म्हणाले. "सावली पडली, सावली गेली."

त्याच दुपारी ती साहेबांपुढे उभी राहिली. सावली घासणारी बाई उद्या काय घासेल याचा नेम नाही, हे तिचं तिलाच पटलं होतं. भाचीचं बाळंतपण आहे, महिनाभर जावं लागेल, असं तिनं ठोकून दिलं. साहेबांनी रजेच्या कागदावर सही केली. "जा. मशीनबिशीन काही आणत नाही मी," ते म्हणाले. मशीनबद्दल तर ती चकार शब्द बोलली नव्हती.

महिन्यानं डोळ्यांचं ऑपरेशन करून ती परत आली तेव्हा वाफ विरून गेली होती आणि ऊन पडलं होतं. फाटकातच तिचे पाय थबकले.

फरशी डागांनी भरली होती. खुर्च्यांखाली गंजाची वर्तुळं. झाडाच्या पानांचे तपकिरी ठसे. अंगाला लावायच्या तेलाचे पिवळे ओघळ. दगडाच्या बारीक छिद्रांत मोहरीएवढे काळे ठिपके, हजारो. आपल्यामागे कुणी हात लावला नाही वाटतं, असं आधी तिच्या मनात आलं. मग ती खाली बसली, एका ठिपक्यावर नख फिरवलं. डागाचं वय तिला कळायचं. हे महिन्याचे नव्हते. दोन वर्षांचे होते. निसरडं होतं तेवढं सगळं पायांनी शोधून काढलं होतं, पण नुसता रंग तळव्याला कसा लागणार?

शरमेनं तिचे कान तापले. मास्तर तिकडून येत होते. त्यांचा चेहरा तिनं दोन वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिला. केवढे म्हातारे झाले होते.

"तुम्हाला दिसत नव्हतं का हे?"

"दिसत होतं."

"साहेबांना?"

"त्यांनाही."

"मग बोललात का नाही कुणी? घाण घाण करून ठेवलं होतं मी!"

"दोन वर्षांत इथे कुणी घसरलं नाही, मावशी," मास्तर म्हणाले. "आधी एक-दोन जणांनी तक्रार लिहिली. साहेबांनी त्यांना तुम्ही अनवाणी, पायांनी चाचपत फरशीवर कशा चालता ते दाखवलं. त्यानंतर कुणी लिहिलं नाही. पोरांनासुद्धा सांगून ठेवलं होतं, मावशीसमोर डागाचं नाव काढायचं नाही. कुण्णी काढलं नाही."

मावशी तिथेच फरशीवर बसून रडली. डॉक्टरांनी डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही असं सांगितलं होतं, पण ते बाहेरच्या पाण्याबद्दल असावं.

मग सकाळचे पोहणारे यायला लागले, दोन वर्षं तिनं नुसत्या आवाजावरून ओळखलेले. उंच आवाजाची बाई, खोकणारे आजोबा, पावलं वाजवत धावणाऱ्या दोन बहिणी. मावशी एकेकाकडे टक लावून बघत राहिली. त्या दिवशी तिनं एकही फरशी घासली नाही, आणि तिला कुणी उठवलंही नाही.