तीन भिंतींचं घर

सगळे त्यांना सेटकाका म्हणत. नाटक कंपनीतल्या नायिकेपासून नाट्यगृहाच्या दारावर तिकिटं फाडणाऱ्यापर्यंत सगळेच. खरं नाव ठाऊक होतं ते बायकोला, आणि ती ‘अहो’ म्हणायची, त्यामुळे ते कानावर पडण्याचा प्रश्नच नव्हता.

काकांनी आयुष्यभर रंगमंचावर घरं उभी केली. चौकटींवर कापड ताणून त्यांनी राजवाडे बांधले, पोलीस चौक्या बांधल्या, श्रीमंतांचे दिवाणखाने आणि गरिबांच्या खोल्या बांधल्या. नटानं रागानं दार आपटलं तरी भिंत हलायची नाही, आणि प्रयोग संपला की अख्खं घर चहा थंड व्हायच्या आत गाडीत चढायचं. स्वतःच्या स्वयंपाकघरातली फळी मात्र वर्षानुवर्षं तारेला लटकून होती.

“नाटकातल्या त्या बाईला गच्ची बांधून दिलीत,” बायको म्हणायची. “मला एक फळी ठोकून द्या.”

“ठोकतो गं. हा दौरा संपू दे.”

दौरे संपले ते गुडघे संपले तेव्हा. काका घरी बसले आणि दुसऱ्याच दिवशी फळी ठोकली. बायकोनं ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली आणि म्हणाली, “आता भांडी ठेवायची सवय करावी लागेल.”

मुलगी तोवर मोठी होऊन इस्पितळात नर्स झाली होती. इस्पितळाच्याच खोल्यांमध्ये राहायची. तिच्या लहानपणी बाबा म्हणजे दाराशी भरून ठेवलेली बॅग. बापलेकीत भांडण नव्हतं. असतं तर मिटवता तरी आलं असतं. ती फोनवर विचारायची, “गोळ्या घेतल्यात? बरं, आईला द्या.” काका फोन आईला द्यायचे आणि मग उगाचच जवळपास घुटमळत राहायचे.

एके दिवशी ती आईशी बोलायला घरी आली. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात नोकरी मिळाली होती, पण तिथल्या वसतिगृहात प्राणी चालत नव्हते. आणि तिच्याकडे दोन गिनीपिग होत्या. एक गुबगुबीत, काळीपांढरी, तिचं नाव गाठोडं. दुसरी तपकिरी, काडीसारखी, जरा खुट्ट झालं की थिजून जाणारी, ती टाचणी.

“वॉर्डातली मैत्रीण न्यायला तयार आहे,” मुलगी आईला म्हणाली. “तिची पोरं लहान आहेत, हाताळतील जरा जास्त. पण दुसरं कोण आहे?”

“इथं ठेव,” बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

दोघींनी वळून पाहिलं. काकांच्या हातात वर्तमानपत्र होतं, पण नजर त्यात नव्हती.

“पिंजरा मी करतो,” ते म्हणाले.

मुलगी ‘बघू’ म्हणून निघून गेली. रात्री तिचा फोन आला आणि ती म्हणाली, “आईला देऊ नका, तुमच्याशीच बोलायचंय.” मग ती सांगत गेली आणि काका ऐकत गेले. पिंजरा उंच नको, लांबरुंद हवा; त्या चढत नाहीत, धावतात. तळाला जाळी नको, पायांना जखमा होतात. रंग नको, पॉलिश नको, कारण मिळेल ते कुरतडतात. खिळ्याचं टोक कुठं राहता कामा नये. कोरडं गवत सतत हवं. आणि लपायला जागा हवीच. काकांनी मधेमधे मुद्दाम पुन्हा विचारलं. कळलं नव्हतं म्हणून नाही. तिचा एवढा वेळ आवाज ऐकण्याची संधी परत कधी मिळणार?

पुढचा आठवडाभर गॅलरीत करवत चालू होती. काका खाली बसले की उठायला बायकोला हाक मारावी लागे. घासून झालेल्या प्रत्येक कडेवरून ते जुना लोकरी पायमोजा फिरवायचे. कुठं धागा अडकला की पुन्हा पॉलिशपेपर.

“पोरीच्या पाळण्याला तरी कधी हात लावला होतात का?” बायकोनं चहा पुढं करत विचारलं.

“पाळणा आयता मिळाला होता.”

“सगळंच आयतं मिळालं तुम्हाला. पोरगीसुद्धा आयतीच वाढली.”

काकांनी चहा घेतला. मग पायमोजा पुन्हा हातात घेतला.

पिंजरा झाला तेव्हा शेजारची माणसं बघायला आली, इतका देखणा झाला होता. रंग चालत नाही म्हणून त्यांनी लाकडावर पटाशीनं विटांच्या रेघा कोरल्या होत्या. आत दोन खोल्या. एकीला कमान, दुसरीला कौलांचं छप्पर. दर्शनी खिडकीपाशी, दारातून आत येणाऱ्याची पहिली नजर पडेल अशा जागी त्यांनी तो मांडला. ऊन येऊ नये म्हणून पडदा ओढून घेतला, तेवढं भान होतं.

निघायच्या दिवशी सकाळी मुलगी टोपली घेऊन आली. तिनं हात फिरवून कडा पाहिल्या, तळ दाबून पाहिला. “छान केलंय,” ती म्हणाली. जुन्या पिंजऱ्यातलं मूठभर गवत तिनं आत पसरलं, ओळखीचा वास राहावा म्हणून, आणि दोघींना हळूच खाली सोडलं.

गाठोडं आणि टाचणी धावत मागच्या कोपऱ्यात गेल्या. एकमेकींच्या अंगावर चढून बसल्या त्या बसल्याच. समोर काकडीची फोड होती, ढोबळी मिरची होती. कान हलेना की मिशी हलेना.

“वेळ लागतो थोडा,” मुलगी म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता. “बाबा, एक सांगते. यांना उपाशी राहून चालत नाही. पोट बंद पडतं, जिवावर बेततं. संध्याकाळी गाडीच्या आधी मी येऊन जाते. खाल्लं असेल तर ठीक, नाहीतर जाताना मैत्रिणीकडे सोडते. वाईट वाटून घेऊ नका.”

“छे, वाईट कसलं,” काका म्हणाले.

ती गेल्यावर काका पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसले. त्यांनी काकडीची फोड सरकवून पाहिली. चुचकारून पाहिलं. खाली वाकून, डोळे बारीक करून पाहिलं. दुपार झाली, फोड सुकली. टाचणीचं पोट भराभर खालीवर होत होतं, बाकी सगळं दगड.

“सगळं केलं गं तिनं सांगितलं तसं,” ते बायकोला म्हणाले. “लपायला दोन दोन खोल्या दिल्या. जातच नाहीत आत.”

बायको पदराला हात पुसत आली, आधी पिंजऱ्याकडे आणि मग खुर्चीकडे पाहत उभी राहिली. “तुम्ही असे टक लावून बसलात तर कोण खाईल? माझ्या ताटाकडे कुणी असं बघत बसलं तर माझ्याही घशाखाली घास उतरणार नाही. आणि खोल्या कसल्या? समोरची भिंत कुठाय?”

“समोर भिंत कशाला? मग दिसणार कसं?”

“कुणाला?”

काकांनी पिंजऱ्याकडे पुन्हा पाहिलं. मागे भिंत, डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत. आयुष्यात बांधलेली प्रत्येक खोली अशीच होती. समोरची बाजू प्रेक्षकांची. घराला चौथी भिंत असते हे राहत्या घरात बसूनही त्यांना सुचलं नव्हतं.

आणि मग त्यांना मुलगी आठवली. सहा-सात वर्षांची असेल. सुट्टीत एकदा तिला प्रयोगाला नेलं होतं, पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची मिळवून दिली होती. ती तिथं रडली होती, आणि पहिल्या अंकातच पळत विंगेत आली होती, रंगमंचाच्या कडेच्या काळोखात, जिथं काका उभे असायचे. गुंडाळलेल्या पडद्यांच्या मागं शिरून ती तिथं बिस्किटं खात बसली होती, अगदी मजेत. पोर हट्टी आहे, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. ते स्वतः जन्मभर त्याच काळोखात उभे राहिले होते, एकदाही उजेडात न येता, आणि तेही मजेत.

“अगं, हात दे,” ते म्हणाले. “उठव मला.”

मग घाई उडाली. कौलं आणि कमान उतरली, दोन्ही खोल्यांवर छप्पर म्हणून साधी फळी आली. कोरलेल्या विटांची दर्शनी फळी कापून दोन्ही खोल्यांना पुढून भिंती झाल्या. प्रत्येक खोलीला दोन दारं ठेवली, एक इकडून, एक तिकडून. एकीनं वाट अडवली तर दुसरी कोंडली जायला नको. पायमोजा पुन्हा सगळ्या कडांवरून फिरला. दारांवर सोडायला मऊ कापड हवं होतं.

“ही माझी शाल आहे,” बायको म्हणाली.

“होती,” काका म्हणाले.

तिनंच ती फाडली आणि धागे सुटू नयेत म्हणून कडा दुमडून टाके घातले. नखं अडकायला नकोत. दोघांनी मिळून पिंजरा आतल्या खोलीत, कपाटाशेजारच्या कोपऱ्यात नेला. गवताचा ढीग खोल्यांच्या आतच भरला. काकडीची नवी फोड काकांनी चौथ्या भिंतीच्या मागं ठेवली आणि दार लोटून दोघं स्वयंपाकघरात जाऊन बसली.

बघायचं नव्हतं. पण काकांना न बघता कळायची सवय होती. प्रेक्षक कधी गुंगलेत आणि कधी कंटाळलेत हे ते जन्मभर विंगेतून नुसत्या कानांनी ओळखत आले होते. आता त्यांनी तसाच कान दिला. बराच वेळ काही नाही. मग पावलांची खसखस. पुन्हा काही नाही. आणि मग कोरडं गवत मोडल्याचा बारीक, एकसारखा आवाज.

बायको बोलायला गेली, तर काकांनी तिचा हात दाबला.

मुलगी आली ती धापा टाकत, बॅग दारातच टाकून. “कुठं आहेत?” आतल्या खोलीत गेली तर पिंजरा रिकामा दिसला. “बाबा, कुठं आहेत त्या?”

“आहेत.”

तिनं वाकून छप्पर उचलायला हात घातला. काकांनी तिचं मनगट धरलं. तिला आठवत होतं तेव्हापासून त्यांनी तिला कधी अडवलं नव्हतं; अडवायला ते असायचेच कुठं?

“आत्ता नको,” ते हळू आवाजात म्हणाले. “आता कुठं धीट झाल्यात.”

“मला जायचंय, बाबा. एकदा हातात तरी घेऊ द्या.”

“कळतंय गं मला.”

त्यांनी हात सोडला नाही. मग तिला तो आवाज ऐकू आला. ती फरशीवर बसली, आणि काकाही बसले, गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो. शालीचा पदर जरासा हलला. खालून टाचणीचं नाक आलं, ओलं, गवताची काडी चिकटलेलं, आणि परत गेलं. मुलीनं हात पुढं केला नाही.

खाली टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता. ती उठली, डोळे पुसले, आणि काकांना हात देऊन उठवलं. जाताना टोपली तिनं रिकामीच ठेवली.

स्टेशनवरून तिचा फोन आला. “बाबा, एक सांगायचं राहिलं. नखं महिन्यातून एकदा कापायची, अगदी टोकाचीच. आणि ढोबळी मिरची देताना बिया काढायच्या.”

“बरं.”

“ऐकू येत नाहीये. एवढं हळू का बोलताय?”

काका दाराच्या फटीपाशी उभे होते, तोंडावर हात धरून.

“जेवतायत गं,” ते म्हणाले.