गनीभाईचा गुद्दा आणि मोबाईलमधलं मशीन

...तर गनीभाईनं मशीनच्या डाव्या बरगडीत गुद्दा हाणला, इथवर आलो होतो काल. तो गुद्दा साधासुधा नव्हे बरं का! हा माणूस केडगावात, पुणे रस्त्याला, ट्रकच्या स्प्रिंगा, म्हणजे कमानी, ठोकतो. छगन मिस्त्रीनं भट्टीतला कमानीचा लालभडक पाटा सांडशीनं धरायचा आणि गनीभाईनं त्यावर घन घालायचा, अशी दोघांची हयात गेली. गंजलेला बोल्ट असो की अडकलेली पिन, त्या धंद्यात औषध एकच. हाणायचं.

स्टँडामागच्या व्हिडिओ गेमच्या दुकानातही त्याचं औषध तेच. तिथं तीन चाकांचं जुनं मशीन होतं. दांडा ओढायचा, चाकं गरगरायची, तिन्ही चित्रं सारखी आली की पैसे. तिसरं चाक अर्ध्यात अडकायचं. मग लोकच ओरडायचे, "गनीभाई, द्या जरा औषध!" गनीभाई बरगडीत एक ठेवून द्यायचा, की चाक मुकाट पुढं सरकायचं.

त्या दिवशी दोन कलिंगडं आली आणि तिसरं अर्धं दिसून अडकलं. गनीभाईनं गुद्दा हाणला. कलिंगड खटकन बसलं, घंटी वाजली, आणि त्याच क्षणी दुकानावरच्या भीमानं मागून वायर ओढली.

"लाईट गेली भाई," भीमा म्हणाला.

गनीभाईनं वर पाहिलं. डोक्यावर पंखा मजेत फिरत होता. त्यानं भीमाकडं पाहिलं. मग पहिला ठोसा मशीनच्या काचेत आणि दुसरा भीमाच्या जबड्यात. भीमाचे पुढचे दोन दात काचांत जाऊन पडले. तेवढ्यात आतून गज घेऊन चौघं धावले. एकानं पाठीत घातला, दुसऱ्यानं खांद्यावर, आणि खांद्याजवळचं हाड असं वाजलं की बाहेर चहा पिणाऱ्यांनी कप खाली ठेवले. तोंडात रक्त, एक डोळा मिटलेला, तरी गनीभाई एकाचा कान दातांत धरून होता! शेवटी तंगडीला धरून त्याला पायऱ्यांवरून ओढत रस्त्यावर टाकला. प्रत्येक पायरीला डोकं आपटलं. छगननं टेम्पोत घालून दवाखान्यात नेला.

खाटेवर पडल्या पडल्या गनीभाईनं पहिला प्रश्न काय विचारला असेल? "छगन, तिसरं कलिंगड बसलं हुतं ना रं?"

जरीना, म्हणजे त्याची बायको, उशाशीच बसली होती. तिनं रडणं थांबवलं आणि सरळ सांगितलं, "सबिहाचे अब्बा, पुन्हा त्या दुकानाची पायरी चढलात, तर मी कोपरगावला भावाकडं जानार. आनि गेले की गेले."

जरीना बोलली म्हणजे करणार, हे गनीभाईला पक्कं ठाऊक. हाड जुळलं, पण हात काही ऐकेना. जेवायला बसला की उजवा हात मशीनचा दांडा समजून शेजारचा तांब्या धरून खाली ओढायचा. पाणी ताटात. जरीना ताट बदलायची, आणि गनीभाई मान खाली घालायचा. आज ना उद्या हा हात आपल्याला त्या पायरीवर नेऊन घालणार, याची त्याला स्वतःलाच धास्ती बसली.

लेक सबिहानं तोड काढली. "अब्बा, मोबाईलवर खोटं मशीन मिळतं. नाणी खोटी, खेळ तोच. पण निवडून घ्यावं लागतं."

"खोट्यात काय निवडायचं गं?"

"खेळून बघा, कळंल."

पहिलं मशीन त्यानं आपल्या मोबाईलवर घेतलं. दांडा होता, घंटी होती, चाकंही झकास फिरत होती. तिसरं चाक किंचित रेंगाळलं मात्र, गनीभाईचा हात सवयीनं वर गेला आणि डाव्या बाजूला गुद्दा बसला! काच फुटली, तुकडे बोटांच्या पेरांत घुसले, मोबाईल मेला. छगन चिमट्यानं काचा काढत म्हणाला, "भाई, त्याला बरगडी नसती हो."

दुसरं छगनच्या जुन्या मोबाईलवर. हे तर ओढलं की द्यायचं, ओढलं की द्यायचं. "ह्ये काय मशीन हाय का सासुरवाडी?" गनीभाई भडकला. तरी खेळत राहिला. मग ते मशीन गोडीनं म्हणालं, आता खरे पैसे भरा. गनीभाईला त्यात भीमाचा आवाज ऐकू आला. त्यानं मोबाईल ऐरणीवर ठेवला आणि घन घातला. एक घाव पुरेसा होता, त्यानं चार घातले. छगननं तुकडे गोळा केले. "माझा हुता वो त्यो," एवढंच म्हणाला.

तिसरं सबिहानं स्वतः निवडलं. पैसे भरायची जागाच नाही, आणि चाकं खऱ्या मशीनसारखीच निर्दय. मोबाईल जरीनाचा. तो देण्याआधी जरीनानं आपल्या ओढणीनं नवऱ्याचा उजवा हात खाटेच्या पायाला आवळून बांधला. "आता खेळा डाव्या अंगठ्यानं."

शुक्रवारची नमाज पढून गनीभाई बसला तो ऊन उतरेपर्यंत. नाणी गेली. नवी मिळाली, तीही गेली. दोन कलिंगडं यायची, तिसरं तोंड दाखवून निघून जायचं. बांधलेला हात असा हिसके देत होता की खाट फरशीवर सरकायला लागली, मनगट सोलून ओढणी लाल झाली आणि शेवटी खाटेचा पाय कडकन मोडला. गनीभाई खाटेसकट खाली! हात सुटला. मूठ वर गेली. जरीना दारात उभी.

गनीभाईनं मोबाईल उलटा करून मागं पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. ना भीमा, ना वायर, ना गज. गुद्दा घालायचा तर कुणाला? इतके दिवस वायर ओढणाऱ्याला शिव्या दिल्या, आणि इथं तर वायर न ओढताच नाणी संपत होती! त्याची मूठ हळूहळू उघडली.

"ह्येच ठेव," तो जरीनाला म्हणाला. "ह्ये खरं वाटतं."

पुढच्याच आठवड्यात भीमा गॅरेजवर हजर, नव्या दातांनी हसत. छगननं पाटा नुकताच भट्टीतून काढून ऐरणीवर धरला होता, आणि डबा घेऊन आलेली जरीना उंबऱ्यातच थबकली.

"भाई, झालं गेलं विसरा," भीमा ऐरणीला खेटून म्हणाला. "मालकानं नवं मशीन आनलंय. चाक अडकत न्हाई. तुमच्याबिगर दुकान सुनं वाटतंय. चला."

गनीभाईनं घन उचलला. डोक्याच्या वर नेला. जरीनाच्या हातातला डबा खाली पडला. छगननं डोळे मिटले, पण सांडशी सोडली नाही. घन आला तो भीमाच्या मांडीपासून वीतभर अंतरावर, पाट्यावर. ठिणग्यांचा फवारा उडाला, भीमाच्या पँटीला भोकं पडली. तो कोकलत एका पायावर नाचायला लागला. गनीभाईनं दुसरा घाव घातला, तिसरा घातला, घाम पुसला आणि म्हणाला,

"भीमा, जरीनाच्या मोबाईलमधलं मशीन मला रोज नागवतं, पन त्ये वायर ओढत न्हाई आन् हाड मोडत न्हाई. माझ्या हाताला मारायला मानूस लागतो, आन् त्यो तुझ्या दुकानात लई सोपा घावतो, म्हनून मी येत न्हाई. आता सरक, पाटा गार व्हायलाय."