बंद पडणारी जीप

डोंगरातल्या उंच खिंडीकडे प्रवासी नेणाऱ्या काकांना सगळे खोळंबाकाका म्हणत, कारण त्यांची जीप हमखास अर्ध्या चढावर बंद पडे. खरं तर जीप ठणठणीत होती. कुणाचं डोकं दुखू लागलं, की काका बॉनेट उघडून बसत आणि विरळ हवा अंगवळणी पडेपर्यंत सगळ्यांना तिथेच मुक्काम घडवत.

त्या दिवशी मागे एक नवे जावई बसले होते, सासूबाईंसमोर छाती फुगवून. दोनदा उलटी झाली तरी म्हणाले, "मला काय धाड भरलीय? चला वर!"

काकांनी जीप बंद पाडली. जावई तावातावाने उतरले आणि सपाट रस्त्यावर झोकांड्या खाऊ लागले. काकांनी ओळखलं, विरळ हवेचा त्रास मेंदूपर्यंत पोचला होता. आता मुक्कामाने भागणार नव्हतं, ताबडतोब खाली न्यायला हवं होतं.

"ताई, इंजिन वर जायला नाही म्हणतंय. खाली जाईल."

"असं कसलं हो इंजिन?"

"लाडावलंय, जावयासारखं."

सासूबाईंनी जावयांकडे एकदा पाहिलं आणि त्यांना दंडाला धरून आत कोंबलं.

खालच्या दवाखान्यात ऑक्सिजन लागला. संध्याकाळी जावई कडाडले, "भंगारात घाला तो खटारा!"

"शिव्या खणखणीत येताहेत, ताई," काका खुशीत म्हणाले. "आता घोर नाही."